‘लेट्स गो लूना’ : पावसाळ्यापासून शिगम्यापर्यंतचा अनुभव

जगाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांचे खाणे, गाणे, सण आणि रीतिरिवाज लहान मुलांना दाखवणारी ‘लेट्स गो लूना’ ही कार्टून मालिका आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात सुरू झाली आणि शिगमा, म्हणजे गोव्याची होळी, होऊन गेला तरी अजून चालू आहे. मालिका मूळची अमेरिकेतील ‘पीबीएस किड्स’ या सार्वजनिक वाहिनीची असून ती २१ नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे सुरू झाली. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी ती बनवलेली आहे. आमच्याकडे तिचे नेहमीचे प्रेक्षक म्हणजे माझी नात, तिच्याहून धाकटा नातू, शेजारच्या घरातील दोन बहिणी आणि त्यांच्याबरोबर बसणारी मी. गोव्यातील म्हापशाजवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी बरीच वर्षे शिकवले, त्यामुळे मुले काय पाहतात यापेक्षा पाहून झाल्यावर ती काय विचारतात याकडे माझे लक्ष अधिक असते. हा अनुभवही त्याच अंगाने लिहिला आहे.

मालिकेची मांडणी सोपी आहे. अमेरिकेचा अँडी नावाचा बेडूक, मेक्सिकोची कार्मेन नावाची फुलपाखरू आणि ऑस्ट्रेलियाचा लिओ नावाचा वॉम्बॅट हे तिघे मित्र आपापल्या आईवडिलांबरोबर ‘सिर्को फाबुलोसो’ या फिरत्या सर्कशीतून गावोगाव जातात. ज्या शहरात सर्कशीचा मुक्काम पडतो त्या शहरात तिघांपुढे काहीतरी पेच उभा राहतो आणि मग आकाशातला चंद्र, म्हणजेच लूना, खाली उतरून त्यांना गाव दाखवते. अर्ध्या तासाच्या प्रत्येक भागात अकरा-अकरा मिनिटांच्या दोन कथा असतात. ही अकरा मिनिटे मला फार सोयीची वाटली. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासापेक्षा जास्त पडदा पाहू नये, आणि तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली पाहावा. एक कथा पाहून संच बंद करणे हा नियम आमच्या घरी टिकला, याचे श्रेय कथेच्या लांबीला द्यावे लागेल. गोष्ट अर्ध्यावर तोडली की रडारड होते. पुरी झाली की मुले फारशी कुरकुर न करता उठतात.

सुरुवातीला मुलांनी हरकत घेतली ती लूनाच्या रूपाला. आपल्याकडे चंद्र म्हणजे चांदोमामा. तो बाईच्या आवाजात बोलतो, पाय फुटल्यासारखा जमिनीवर चालतो, हे नातवाला मुळीच पटेना. मात्र एकदा ओळख पटल्यावर तिच्यावर त्याचा असा विश्वास बसला की संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत मी उपाशी बसलेली असताना, लूना आज नैरोबीला गेली असेल म्हणून तिला उशीर होतो आहे, अशी माझी समजूत त्याने घातली. नैरोबी हे नाव त्याला माहीत आहे आणि तिकडेही हाच चंद्र उगवतो हे त्याला कळले आहे. या वयाला भूगोल एवढा पुरे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. काही महिने सातत्याने पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की या मालिकेतील कथा दोन जातींच्या आहेत आणि त्यांचा मुलांवर होणारा परिणाम अगदी वेगळा आहे. ज्या कथेत पेच मुलांचा स्वतःचा असतो, म्हणजे कोणाला लोकांपुढे उभे राहण्याची भीती वाटते, कोणी रुसते, कोणाची वस्तू हरवते, आणि त्या पेचातून बाहेर पडण्यासाठी त्या शहरातील एखादे वाद्य, एखादा खेळ किंवा एखादी कारागिरी उपयोगी पडते, ती कथा मुले पुन्हा पुन्हा मागतात आणि त्यातले तपशीलही त्यांच्या लक्षात राहतात. ज्या कथेत मात्र शहराची माहितीच पुढे येते, ही इमारत, हा पोशाख, हा पदार्थ असे एकामागून एक दाखवले जाते, तेथे मुले दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ करू लागतात. मोठ्या माणसांना नेमकी ही दुसरी जात अधिक आवडते, कारण त्यांना ‘मुले काहीतरी शिकत आहेत’ असे समाधान मिळते. माझ्या मुलाचे आणि माझे यावर एकदा बरेच बोलणे झाले. तो म्हणतो, माहिती कानावरून गेली तरी पुरे आहे. मी शिक्षिका म्हणून सांगते, कानावरून गेलेले कानावरूनच जाते.

खाण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही जातींच्या कथा सारख्याच चालतात. लिओला खाण्याचे भारी वेड असल्यामुळे कोणत्याही शहरात काही ना काही पदार्थ समोर येतोच, आणि मुलांचे अर्धे प्रश्न त्यावरच असतात. मेक्सिको सिटीच्या कथा पाहिल्यानंतर शुक्रवारच्या बाजारात मी मुलांना मुद्दाम मिरच्या विकणाऱ्या बायकांपाशी नेले आणि ही हरमलची मिरची ज्या झाडाची आहे त्याचे पूर्वज मेक्सिकोकडचे, पोर्तुगीज जहाजांतून मिरची सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आली, असे जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितले. काजू ब्राझीलचा, पाव पोर्तुगीजांचा, हे ओघाने आलेच. शेजारच्या थोरल्या मुलीने लगेच विचारले, मग मिरची येण्याआधी आपली हुमण (माशांची आमटी) कशी तिखट करीत होते? मिरी होती, असे उत्तर दिले; पण हा प्रश्न मला शाळेत चौथीच्या वर्गानेही कधी विचारला नव्हता. मालिकेने तो थेट शिकवलेला नाही. ‘इतरांकडे काय असते’ हे पाहण्याची सवय लागली म्हणून ‘आपल्याकडे हे कोठून आले’ असा प्रश्न सुचला, असे मी मानते.

असाच दुसरा प्रसंग नोव्हेंबरात आला. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात, घरात गेलेल्या माणसांसाठी फुले आणि खाद्यपदार्थ मांडतात; २००८ पासून ही प्रथा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. त्याच २ नोव्हेंबरला आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे सर्व मृतांचा दिवस असतो, ते सिमितेरीत जाऊन थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. आणि आमच्या घरी महिना-दीड महिना आधीच पितृपक्ष होऊन गेलेला असतो. नातीला या तिन्ही गोष्टी एका ओळीत मांडून दाखवता आल्या. मेक्सिकोचे नाव तिच्या परिचयाचे नसते तर हे बोलणे दोन वाक्यांत संपले असते.

दिवाळीच्या सुमारास मुलांनी डिस्ने ज्युनियरची ‘मीरा, रॉयल डिटेक्टिव्ह’ ही मालिकाही पाहिली, आणि तुलना आपोआप झाली म्हणून तिच्याविषयी लिहिणे भाग आहे. २०२० मध्ये आलेल्या या मालिकेत भारतावरून बेतलेले जलपूर नावाचे काल्पनिक राज्य आहे. मीरा ही सामान्य घरातील मुलगी तेथील राणीने नेमलेली राजगुप्तहेर आहे, आणि तिच्याबरोबर मिक्कू व चिक्कू ही दोन मुंगसे असतात. मुंगसांवर मुले बेहद्द खूश झाली. चित्रे झगमगीत, गाणी उडती, मीरा हुशार आणि निर्भय. यात नावे ठेवण्याजोगे काही नाही. परंतु महाल, रंगीत बाजार, घागरे आणि पगड्या यांनी भरलेले ते जलपूर आमच्या मुलांना मेक्सिको सिटीइतकेच परके वाटले. त्यातला दिवाळीचा भाग लागला तेव्हा नात बराच वेळ वाट पाहत बसली आणि शेवटी म्हणाली, “आजी, हांगा नरकासूर खंय?” (इथे नरकासूर कुठे आहे?) गोव्यात दिवाळी म्हणजे चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा कागदी नरकासूर, पायाखाली चिरडलेले कारीट आणि नंतर घरोघर होणारे नाना प्रकारचे फोव, म्हणजे पोहे. हे जिने पाहिले आहे तिला दिव्यांची आरास आणि मिठाई एवढीच दिवाळी अपुरी वाटणार.

हा दोष एकट्या त्या मालिकेचा नव्हे. देश घ्यायचा, त्याचा एक सण, एक पोशाख, एक पदार्थ निवडायचा आणि तोच त्या देशाचा चेहरा म्हणून दाखवायचा, ही या प्रकारच्या सर्वच कार्यक्रमांची सवय आहे. ‘लेट्स गो लूना’ निदान देशाऐवजी एक शहर धरते, त्यामुळे तिचे म्हणणे अधिक खरे वाटते. तरीही नैरोबीच्या एखाद्या आजीच्या मनात तिकडचे भाग पाहताना आमच्या नातीसारखाच प्रश्न येत असणार, याविषयी मला शंका नाही.

मोठ्यांच्या प्रतिक्रियांत सर्वांत रोखठोक प्रतिक्रिया शेजारणीची होती. तिला कार्मेन आवडते, गाणी आवडतात, नाताळचा विशेष भाग तर तिने मुलींबरोबर स्वतः बसून पाहिला. पण या मालिकेत सगळे आपापल्या खोलीत राहतात, असे ती म्हणते. तिचा मुद्दा असा की सर्कस एका गावाहून दुसऱ्या गावाला जाते, प्रत्येक गावाची एक संस्कृती असते आणि ती त्या गावाच्या वेशीपाशी संपते. आम्ही जिथे राहतो तिथे असे नाही. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, या बहिणी आहेत अशी इथली श्रद्धा आहे. दोघींत मोगऱ्याची फुले आणि तेल यांची देवाणघेवाण होते, आणि मिलाग्रीसच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, तेल घेऊन जाणाऱ्यांत हिंदूही असतात. एकाच रस्त्यावरची ही देवाणघेवाण एखाद्या कथेत यायला हवी, असे तिला वाटते. माझे मत थोडे वेगळे आहे. चार वर्षांच्या मुलाला आधी दोन घरे वेगळी आहेत हे दिसावे लागते, मगच त्यांच्यातील येणे-जाणे कळते. पण सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी तिची तक्रार पूर्णपणे रास्त आहे.

आणखी एक आक्षेप माझ्या सुनेचा. आम्ही पाहिलेल्या भागांत सण दिसतो, सणाचे जेवण दिसते, नाच दिसतो, परंतु लोक देवापुढे उभे राहून काय मागतात ते फारसे दिसत नाही. सार्वजनिक वाहिनीने या बाबतीत जपून पावले टाकावीत हे समजण्यासारखे आहे. मात्र आमच्या घरात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मखर आणि गणपतीवर टांगलेली फळापानांची माटोळी पाहून वाढणाऱ्या मुलांना ती पोकळी जाणवते, आणि ‘ते कोणाक पायां पडटात?’ हा प्रश्न मोठ्यांकडे येतो. उत्तराची तयारी असावी.

या सगळ्यातून मुलांनी स्वतःच एक खेळ काढला आणि या मालिकेची मला मिळालेली सर्वांत मोठी भेट तीच आहे. लूना म्हापशाला आली तर तिला काय दाखवायचे, असा हा खेळ. नात म्हणाली माटोळी आणि नरकासूर. शेजारच्या मुली म्हणाल्या नाताळचा गोठा, घरावरचा कागदी तारा आणि सांजावच्या, म्हणजे संत जॉनच्या सणाच्या, दिवशी डोक्यावर कोपेल (फुलांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारणारे काका. नातवाने सकाळी भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, सुचवला. लूनाला विहिरीत उतरवावे की नाही यावर मोठे भांडण झाले, कारण पाण्यातला चंद्र कोणीतरी पाहिला होता आणि ती आधीच विहिरीत असते असे त्याचे म्हणणे होते. पुढे शिगम्याच्या मिरवणुकीतील रोमटामेळ आणि घोडेमोडणी हे नाच पाहून आल्यावर यादीत भर पडली. कार्निव्हलचा राजा किंग मोमो मात्र मतदानात पडला. का, ते मला अजून कळलेले नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. भाषा इंग्रजी आहे आणि उच्चार अमेरिकी. घरात कोंकणी बोलणाऱ्या, शाळेत मराठी ऐकणाऱ्या मुलांना पहिले काही आठवडे फक्त चित्रे आणि सूर कळतात. मी कथा चालू असताना मध्येच थांबवून मराठीत सांगत असे, परंतु मुलांना ते आवडत नाही. आधी दोन वाक्यांत कथेचा विषय सांगून मग सलग पाहू देणे अधिक चांगले जमले. यूट्यूबवर वाहिनीचे छोटे तुकडे मिळतात. ओळख करून घेण्यासाठी ते ठीक आहेत, पण तुकड्यांत गोष्ट नसते आणि एकामागून एक येत राहिल्यामुळे अकरा मिनिटांची शिस्त मोडते. चित्रशैली सपाट, थोडी कोनाकोनांची आहे. चकचकीत त्रिमित कार्टूनची सवय असलेल्या मुलांना ती प्रथम साधी वाटते. गती संथ आहे आणि मला ती योग्य वाटते. घरात पृथ्वीचा गोल किंवा भिंतीवर नकाशा असल्यास फार फरक पडतो. आमच्याकडे गोल आणल्यानंतर प्रत्येक कथेआधी शहर शोधण्याची चढाओढ सुरू झाली. मुलांना एकटे बसवून स्वतः कामाला लागण्यासाठी मात्र ही मालिका घेऊ नये. तशी पाहिली तर ती आणखी एक कार्टून होते, बरे कार्टून, एवढेच.

चार ते सहा या वयासाठी मी ती निःशंकपणे सुचवीन. नात आता पेच दिसताच तो कसा सुटणार ते आधीच सांगून मोकळी होते आणि उरलेला वेळ मालिकेत न आलेली शहरे गोलावर शोधते, त्यामुळे तिच्यापुरती मालिका संपत आली आहे असे दिसते. धाकट्याचे अजून कैरो पाहून व्हायचे आहे.