अहवाल स्वच्छ, गाडी पुरातली

जुनी गाडी विकणारे डीलर हल्ली गिऱ्हाइकाने मागण्याआधीच ‘व्हेईकल हिस्टरी रिपोर्ट’ पुढे करतात, आणि त्यात छापलेली माहिती बहुतेक वेळा खरीही असते. फसवणूक होते ती त्या अहवालात मुळात येऊच शकत नाही अशा गोष्टींच्या आडून. पुण्यातील एका डीलरने २०२३ मध्ये मला याच पद्धतीने पुरात बुडालेली गाडी विकली. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. पण त्याची पद्धत मात्र सर्वांना कळायला हवी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी २०१८ मध्ये नोंदवलेली, पेट्रोलची, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरीच्या क्रमांकाची होती आणि व्यवहार चार लाख साठ हजारांना ठरला. अहवालात नोंदणी वैध, बँकेचा बोजा नाही, काळ्या यादीत नाही, ई-चलन थकीत नाही, विमा आणि पीयूसी चालू, असे सर्व रकाने हिरव्या खुणांनी भरलेले होते. हा तपशील मी परिवहन खात्याच्या ‘एमपरिवहन’ ॲपवरही पडताळला आणि तो जुळला. अपघाताच्या रकान्यात ‘नोंद आढळली नाही’ असे होते. डीलरने त्याचा अर्थ ‘अपघात झालेलाच नाही’ असा सांगितला आणि ‘नॉन-ॲक्सिडेंट, एका हाताने वापरलेली गाडी’ असा संदेशही व्हॉट्सॲपवर पाठवला. नोंद न आढळणे आणि घटना न घडणे यांतील अंतर त्याला पुरेपूर माहीत होते, हे पुढे स्पष्ट झाले.

पावसाळा सुरू होताच सेंट्रल लॉकिंग आपोआप उघडू-मिटू लागले आणि एअरबॅगचा दिवा विझेना. आमच्या भागातील ऑटो इलेक्ट्रिशियनने काहीही दुरुस्त करण्याआधी चालकाच्या शेजारचा सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याचा जो भाग एरवी गुंडाळीतच राहतो, त्यावर मातकट रंगाची आडवी रेघ होती. मग त्याने सीट काढून खालचे कार्पेट उचलले, तेव्हा फोमच्या घडीत बोटाला लागेल इतका बारीक, वाळलेला गाळ निघाला, सीटच्या रुळांवर तांबेरा होता आणि वायरिंगच्या जोडांमधील पिना हिरवट पडल्या होत्या. वरून मात्र नवी सीट कव्हरे, नव्या मॅट आणि सुगंधी फवारा.

तोवर आरसी माझ्या नावावर झालेली असल्यामुळे अधिकृत सर्व्हिस सेंटरने चासी क्रमांकावरून जुन्या नोंदी दाखवल्या. जुलै २०२१ च्या अखेरीस ही गाडी टोइंग करून आणलेली होती, पाणी डॅशबोर्डपर्यंत चढल्याचा शेरा जॉबकार्डवर होता, आणि विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ (दुरुस्ती परवडणार नाही इतके नुकसान) ठरवल्यामुळे ती दुरुस्तीविना बाहेर गेली होती. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, त्यातलीच ही गाडी. त्याच जॉबकार्डवर मीटरचा आकडा अडुसष्ट हजार होता. मला विकताना तो त्रेचाळीस हजार दाखवत होता.

हे अहवालात का आले नाही, ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाकृत मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांहून अधिक झाला की कंपनी मालकाला भरपाई देते आणि गाडी भंगार म्हणून बोलीत विकली जाते. कायमची निकामी झालेली गाडी असेल तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी, असे मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते; पण दुरुस्त होऊ शकणारी गाडी आरसीसह विकली जाते आणि ती आरसी जिवंतच राहते. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकी-कागदावर ‘सॅल्व्हेज’ किंवा ‘फ्लड’ असा शिक्का बसतो. आपल्या आरसीवर तसा रकानाच नाही, हा माझ्या मते या धंद्याला मिळालेला सर्वांत मोठा आडोसा आहे.

विमा पॉलिसीवरील ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, एरवी चांगली खूण ठरतो, कारण दावा झाला की तो शून्यावर येतो. परंतु हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे मालक बदलला की तो नव्याने शून्यापासूनच सुरू होतो. माझ्या गाडीचा मालक २०२२ च्या सुरुवातीला बदललेला होता आणि दाव्याची खूण त्या बदलाखाली झाकली गेली. म्हणून पैसे देण्यापूर्वी सध्याच्या मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीचा संपूर्ण सर्व्हिस इतिहास काढावा आणि त्यात नोंदी कुठे तुटतात, मालकी कधी बदलली व गाडी त्या वेळी कोणत्या गावात होती, हे एकमेकांशेजारी ठेवून पाहावे. डीलर यात टाळाटाळ करू लागला, ‘रिपोर्ट दिला आहे ना’ असे म्हणू लागला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. ‘गाडी पुरात बुडालेली नाही, टोटल लॉस ठरलेली नाही आणि मीटर मागे केलेले नाही’ हे वाक्य विक्री करारात डीलरच्या सहीनिशी लिहून घ्यावे. तोंडी शब्द नंतर कोणी ओळखत नाही.

फसवणूक झालीच असेल तर ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. माझ्या तक्रारीसोबत जॉबकार्डाची प्रत, कार्पेटखालील गाळाची छायाचित्रे, इलेक्ट्रिशियनचे लेखी निवेदन आणि डीलरचा तो संदेश जोडलेला आहे. आपण दिलेला अहवाल खोटा नव्हता, असा डीलरचा बचाव आहे. आमचे म्हणणे असे की अहवालात नसलेली हमी त्याने स्वतः लिहून दिली, आणि मीटर तर कोणत्याही अहवालाने मागे फिरवलेले नाही. सुनावणी चालू आहे.