कोलायटिस आटोक्यात आल्यावर: शौचाची तपासणी की दुर्बीण?

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार) रक्त पडणं थांबलं, वजन भरलं, की अनेक जण तपासण्याच सोडून देतात. तसं करू नका. त्रास काहीच नसताना आतड्याच्या अस्तरात सूज धुमसत राहू शकते, आणि सौम्य सुजेत रक्तातला सीआरपी (सूज दाखवणारा घटक) बऱ्याचदा नॉर्मलच येतो. मग गोंदिया-चंद्रपूरहून नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत दाखवायला येणाऱ्यांनी काय करावं: शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी की कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी?

नेहमीच्या देखरेखीला माझी पसंती कॅलप्रोटेक्टिनला. सूज असली की पांढऱ्या पेशी आतड्यात उतरतात आणि त्यांच्यातलं हे प्रथिन शौचात सापडतं. त्रास नसलेल्या माणसाचा आकडा दर ग्रॅमला १५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल, तर सूज पाहण्यासाठी दुर्बिणीची सहसा गरज नसते. नमुना सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्या, त्याच दिवशी लॅबमध्ये द्या. मे महिन्यात ती डबी गाडीच्या डिकीत तापत ठेवू नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी किंवा पोटाच्या संसर्गानेही आकडा चढतो. एकदा वाढलेला दिसला म्हणून घरातली जुनी स्टेरॉइड मनाने सुरू करणं धोक्याचं. आणि लॅब शक्यतो तीच ठेवा, कारण वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

दुर्बिणीची तयारी त्रासदायक असते. आदल्या दिवशी पातळ आहार, मग पोट साफ करायचं औषध, रात्रभर संडासच्या फेऱ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात लांबून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला यात शोष पडू शकतो. गुंगीचं औषध दिल्यामुळे सोबतही लागते.

तरीही काही ठिकाणी दुर्बीण टाळूच नये. आपल्याकडे क्रोहन (आतड्याच्या सुजेचा दुसरा जुनाट आजार, जो लहान आतड्यातही होतो) आणि आतड्याचा टीबी दिसायला इतके सारखे असतात की बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी, लागतेच. थोडा त्रास आहे आणि आकडाही वाढलाय, तेव्हा महागडी बायोलॉजिक औषधं (सूज आवरणारी प्रथिनांची इंजेक्शनं) सुरू करण्याआधी आत पाहणं रास्त. आजार मोठ्या आतड्यात पसरलेला असेल, तर सुरुवातीपासून ८ वर्षांनी कॅन्सरसाठीची पाहणी सुरू होते; तिथे शौचाचा आकडा कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. नुसती सूज पाहायची असेल, तर सिग्मॉइडोस्कोपीवर (मोठ्या आतड्याचा फक्त शेवटचा भाग पाहणारी छोटी दुर्बीण) भागेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. ती बहुतेकदा एनिमावर होते, गुंगीही लागत नाही.

क्रोहन फक्त लहान आतड्यात असेल तर कॅलप्रोटेक्टिन कमी भरवशाचं ठरतं. तिथे आतड्याची सोनोग्राफी किंवा एमआर एन्टेरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) सोबत लागते.