बंगल्याचा नकाशा कोणाकडून काढून घ्यावा: आर्किटेक्ट, इंजिनियर की ठेकेदार?

प्लॉट एन.ए. (बिगरशेती) आहे, मोजणी झाली, बँकेत कर्जाची चौकशीही झाली, की घरात नकाशाचा विषय निघतो. तालुक्याच्या गावात यावर तीन सल्ले हमखास मिळतात. मेहुणा म्हणतो, चांगला आर्किटेक्ट गाठा. शेजारी म्हणतो, नगरपालिकेत ज्याची फाईल पटकन सरकते तो इंजिनियर बघा. आणि ठेकेदार म्हणतो, "साहेब, नकाशाचं काय घेऊन बसलात, तो आपल्याकडून फ्री."

कोणाचं ऐकायचं ते ठरवण्याआधी हे पक्कं लक्षात घ्या की एका घराला नकाशांचे दोन संच लागतात. पहिला मंजुरीचा. त्यात साइड मार्जिन (हद्दीपासून सोडायची जागा), एफएसआयचा म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं याचा हिशेब, पार्किंग, सेप्टिक टँक एवढं दिसलं की कार्यालयाचं काम भागतं. दुसरा बांधकामाचा, म्हणजे वर्किंग ड्रॉइंग. कॉलमची आखणी, खिडकी जमिनीपासून किती उंचीवर, बाथरूमचा स्लॅब किती खाली, कुठल्या भिंतीत कुठला पाइप, बेडच्या कोणत्या बाजूला स्विचबोर्ड, हे सगळं त्यात येतं. गावोगाव मंजुरीच्या नकाशावरच घरं उभी राहतात आणि उरलेलं गवंडी ठरवतो. त्यामुळे पहिल्या भेटीत फीच्याही आधी विचारा: दुसरा संच तुम्ही देणार का?

आता कायद्याचं. वास्तुविशारद अधिनियम १९७२ नुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असल्याशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेऊ शकत नाही. पण घराचं डिझाइन करणं ही काही फक्त आर्किटेक्टची मक्तेदारी नाही. हा कायदा बिरुदाला संरक्षण देतो, कामाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली आहे. तिच्यातही आर्किटेक्टबरोबर परवानाधारक इंजिनियरची सही चालते. पर्यवेक्षकाचीही चालते, मात्र त्याला प्लॉटच्या आकाराची आणि मजल्यांची मर्यादा आहे. थोडक्यात, मंजुरीसाठी आर्किटेक्टच हवा, असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. उलट बोर्डावर 'आर्किटेक्ट' लिहिलेलं दिसलं तर नोंदणी क्रमांक मागा. तो सीए, मग वर्ष, मग आकडा असा असतो आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतो. बोर्ड रंगवायला काहीच लागत नाही.

मग आर्किटेक्टला जास्त पैसे कशासाठी द्यायचे? जिन्याचंच घ्या. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. पायरी ६ इंचाची केली तर २० चढ होतात. दोन टप्प्यांत १०-१० चढ, म्हणजे एका टप्प्यात १० इंचांच्या ९ पाऊलजागा (दहावा चढ लँडिंगवरच संपतो), आणि ३ फुटांचं लँडिंग धरलं तर जिन्याला साडेदहा फूट लांबी लागते. घाईत काढलेल्या नकाशात ही जागा आठ-नऊ फुटांवर आलेली असते, कारण तेवढ्याने बेडरूम मोठी दिसते आणि मालक खूश होतो. साइटवर मग गवंडी १५ पायऱ्यांत काम उरकतो, म्हणजे पायरी ८ इंचांची. गुडघे दुखणारी आई वरच्या मजल्यावर जायचीच बंद होते. चांगला आर्किटेक्ट आधी जिना बसवतो, मग खोल्या. ऊन कुठून येतं, पश्चिमेच्या भिंतीला काय ठेवायचं, स्वयंपाकघरातून दार दिसतं का, हा विचार त्याच्या पाच वर्षांच्या शिक्षणात मुरलेला असतो.

अर्थात शिक्षण आहे म्हणून तो विचार तुमच्या घरासाठी होईलच असं नाही. काही आर्किटेक्ट थ्रीडी चित्रावरच गिऱ्हाईक पटवतात आणि पायाच्या खड्ड्यापाशी त्यांचा पाय लागत नाही. याउलट रोज साइटवर असणारा गावातला इंजिनियर काळ्या मातीत मुरूम किती फुटांवर लागतो हे खोदायच्या आधी सांगतो. सोलापूर-मराठवाड्याकडे ही माहिती एलिव्हेशनच्या, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूच्या, चार चित्रांहून मोलाची. त्याची कमजोरी वेगळीच: मागच्या गिऱ्हाइकाचा नकाशा उलटा-सुलटा करून तुमच्या प्लॉटवर बसवण्याची सवय. त्याने बांधलेली तीन घरं बघा. तिन्हींत हॉलमधून थेट संडासाचं दार दिसत असेल तर काय समजायचं ते समजा.

ठेकेदाराचा फुकट नकाशा मला सगळ्यात महाग वाटतो. नकाशा काढणारा, सळई ठरवणारा आणि सळई टाकणारा एकच असला की त्याला विचारणारा कोणी उरत नाही. सरसकट ९ बाय १२ चे कॉलम हे त्याचं ठरलेलं माप. ९ इंच म्हणजे साधारण २३० मिलिमीटर. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० या मानकाची २०१६ ची आवृत्ती कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर सांगते. ज्या राज्याने कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) पाहिलंय, तिथे 'आम्ही वीस वर्षं असंच करतोय' हे उत्तर पुरत नाही. नकाशा कोणीही काढो, आरसीसी डिझाइन (कॉलम, बीम, स्लॅबचं माप आणि सळई) स्ट्रक्चरल इंजिनियरकडून स्वतंत्र करून घ्या आणि त्याचे पैसे त्याला तुम्ही स्वतः द्या.

इंटरनेटवरचे तयार नकाशे घरात चर्चेला बरे. त्यांना तुमचा रस्ता कुठल्या दिशेला हेसुद्धा माहीत नसतं. वास्तुतज्ज्ञाला बोलवायचंच असेल तर पहिल्या कच्च्या आराखड्याच्या वेळी बोलवा. कॉलम उभे राहिल्यावर आग्नेय कोपरा सरकत नाही.

माझं मत विचाराल तर ३० बाय ४० चा चौकोनी प्लॉट, एकच कुटुंब आणि खाली-वर साधं घर असेल, तर वर्किंग ड्रॉइंग देणारा इंजिनियर पुरेसा आहे. प्लॉट २० बाय ६० चा, दोन्हीकडून भिंती, उजेड फक्त पुढून-मागून, असा असेल तर आर्किटेक्टकडेच जा. मधल्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागेल की नाही, हे तिथे नकाशावरच ठरतं. कोकणातली उतारावरची जागा किंवा दोन भावांचं एकत्र पण चुली वेगळ्या असं घर, तिथेही तेच.

फी टक्क्यावर असो की स्क्वेअर फुटावर, हप्ते कामाशी बांधा. मंजुरीलाच सगळी फी संपली तर पुढे फोन उचलला जात नाही. आखणी, जोतं आणि स्लॅबचं लोखंड बांधून झाल्यावर काँक्रीटच्या आधीची तपासणी, या तिन्ही वेळी साइटवर येणं करारात लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्या तिसऱ्या भेटीनंतरच द्या.