गाडी पाचनईला पोहोचली, पण तंबू कुणी सांगितलेच नव्हते

हरिश्चंद्रगडावर तंबूत मुक्काम करायचा बेत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. नऊ जणांनी जाहिरात पाहून कोकणकड्यावरच्या कॅम्पिंगसाठी माणशी १,५०० रुपये आगाऊ भरले. जेवण, तंबू, वाटाड्या, प्रवेश फी, सगळं त्यात धरलेलं. शनिवारी दुपारी गडाच्या पायथ्याच्या पाचनईत उतरल्यावर कळलं की गावात कुणाला निरोपच नाही. आयोजकाचा फोन बंद. गावातल्या एका घरानं आयत्या वेळी पिठलं-भाकरी आणि तंबूंची सोय केली, त्याचे पैसे अर्थात पुन्हा द्यावे लागले. त्यात गावकऱ्यांचा काडीचाही दोष नाही. त्यांच्या जिवावर कुणीतरी पैसे गोळा केले आणि त्यांना त्यातला एक रुपयाही दिला नाही, याची चीड येते.

खुणा जाहिरातीतच होत्या. ‘कड्यावर सूर्यास्त बघा, समोरच्या धुक्यात इंद्रवज्र बघा.’ कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, ते दिसायला सूर्य पाठीशी आणि धुकं समोर लागतं. सूर्य समोर मावळत असताना ते दिसणारच नाही. हे लिहिणारा कड्यावर कधी उभा राहिलेला नाही.

वाटेचंही तसंच. ‘पाचनई किंवा खिरेश्वर’ असं मोघम लिहिलं होतं. पाचनईची वाट सर्वांत सोपी, अडीच-तीन तासांची. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाणारी वाट बरीच लांब, खिंडीनंतर कातळटप्पे, तिथे रेलिंगला धरून चढावं लागतं. पुण्याकडून येणारी गाडी माळशेजच्या रस्त्यावर खुबी फाट्याशी सोडणं आयोजकाला स्वस्त पडतं, म्हणून ऐनवेळी खिरेश्वर निघतं आणि नवखी माणसं अंधारात खिंड चढतात. बेलपाड्याची नळीची वाट तर दोर आणि अनुभवाशिवाय करूच नये. ती ‘सर्वांसाठी’ म्हणून कुणी विकत असेल, तर तिथेच थांबा.

आयोजकाला एकच प्रश्न विचारा: वर मुक्काम कुणाकडे? त्या घरचा नंबर घ्या आणि स्वतः फोन करा. तारीख, तंबू किती, आगाऊ रक्कम पोहोचली का, हे तिथूनच ऐका. तिघांच्या तंबूत तिघे जेमतेम मावतात, सॅक बाहेर ठेवावी लागते. ‘पाच जणांना एक’ म्हणजे डिसेंबरच्या थंडीत रात्रभर बसून काढणं. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेश फी नाक्यावर स्वतः भरा, पावती घ्या, आणि त्या तारखेला वर मुक्कामाला परवानगी आहे का हे निघण्याआधी वनखात्याकडून विचारून घ्या. ‘परवान्याचे वेगळे पैसे’ खासगी खात्यावर पाठवू नका.

या नऊ जणांपैकी दोघं पुन्हा फसले, तेही घरी परतल्यावर. ‘परतावा देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असा मेसेज आला. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असं झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चॅट जवळ ठेवा. तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून घ्या, कारण पलीकडचा माणूस आधी स्वतःचे मेसेज पुसतो.