अलाइनर, खंडानंतरचा दुसरा डाव: जुने ट्रे फेकले असते तर काय झालं असतं

अलाइनर म्हणजे दात सरळ करण्यासाठी घालायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे; वरचा आणि खालचा मिळून एक संच. आधी हिशेब. एकूण 26 संच, दर संच 10 दिवस, 14व्या संचावर थांबले, मध्ये चार महिन्यांचा खंड आणि पुन्हा सुरू करून आता पाच महिने. दिवसाचे 22 तास घालायचे, चहाला काढायचे, हे सगळ्यांना पाठ आहे, ते परत लिहीत नाही.

काही जण सांगतात की पुढचा संच चालू केला की मागचा टाकून द्या. या सल्ल्यावर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. मागचे निदान चार संच नंबरासकट डबीत ठेवायचे. जागा किती लागते? एका छोट्या डबीएवढी. बहुतेक ट्रेवर दाढेच्या बाजूला बारीक नंबर कोरलेला असतो, तरी पाकिटावर पेनने नंबर आणि वरचा की खालचा ते लिहून ठेवलेलं बरं.

हे एवढं का, तर एक संच दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामधला पडदा सुद्धा जवळपास तेवढाच, 0.2 मिलिमीटरच्या आसपास जाड. दात तीन संच मागे गेले असतील आणि तुम्ही सोडलेलाच ट्रे दाबून बसवलात, तर एकदम 0.75 मिलिमीटरचा दाब पडतो. पडदा चेपतो, तिथला रक्तपुरवठा थांबतो, दात हलायचा तो अडकून बसतो आणि मूळ झिजण्याचा धोका वाढतो. म्हणजे घाईने वेळ वाचत नाही, उलट जातो.

म्हणून उलटं मोजायचं. 14 बसत नाही, 13 बसत नाही, 12 पटाशीच्या दातांवर उचललेला राहतो, 11 बोटाच्या दाबाने पूर्ण खाली जातो. मग 11 पासून सुरुवात. बसला की नाही हे दुखण्यावरून ठरवू नका, आरशात पाहा. दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पोकळी दिसते का? केसाएवढी असेल तर चघळायच्या मऊ नळीने जाते. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, पोकळी असलेल्या दाताखालीच नळी धरून दाबायची आणि काही सेकंद तसंच ठेवायचं. सगळीकडे चावत बसण्यात अर्थ नाही. ट्रे घालताना-काढताना ताण जाणवेनासा झाला की पुढचा नंबर. 11 ला तीन आठवडे लागले, 12 आणि 13 ला प्रत्येकी दोन. दहा दिवसांचं वेळापत्रक इथे विसरायचं.

जुन्या ट्रेची आधी तपासणी करा. सुळ्याजवळ चीर गेलेली असेल तर तो ट्रे जोर लावत नाही, नुसता तोंडात असतो. पांढरा थर बसला असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी, अर्धा तास, मग मऊ ब्रश. उकळतं पाणी नको, ट्रे वाकडा होतो आणि मग तो कुठल्याच दाताचा राहत नाही. काढताना आतल्या बाजूने, दोन्हीकडच्या दाढांपासून. समोरून ओढलं की पहिली चीर तिथेच.

सात आठवड्यांपर्यंत माझं मत असं होतं की नवीन स्कॅन, म्हणजे नवे ट्रे बनवण्यासाठी दातांचं पुन्हा डिजिटल माप घेणं, हा नुसता खर्च. घरचे जुने ट्रे असताना दवाखान्याने पहिल्याच भेटीत स्कॅन सांगणं म्हणजे बिल वाढवणं. हे मत आता अर्धंच उरलं आहे.

14 घातला तेव्हा सगळे दात बसले, फक्त वरचा उजवीकडचा, मधल्या पटाशीच्या शेजारचा दात सोडून. तिथे दीड मिलिमीटर पोकळी, नळी कितीही चावा. हा दात कुप्रसिद्धच आहे. लहान, गुळगुळीत, प्लास्टिकला पकड मिळत नाही. त्याला फिरवायचं किंवा खाली ओढायचं असेल तर दातावर चिकटवलेलं बटण, म्हणजे ट्रेला पकड देणारा छोटा उंचवटा, शाबूत हवं, आणि ते चकली किंवा चिक्कीने निम्मं उडालेलं होतं. शिवाय फिरवलेला दात सगळ्यात लवकर परत वळतो, कारण हिरडीतले तंतू नव्या जागेला सरावायला वर्षभरही घेतात. कललेला दात मागच्या ट्रेने परत येतो, वळलेला येत नाही. इथे स्कॅन हाच मार्ग, दवाखान्याचं बरोबर होतं. फक्त त्यांचा क्रम चुकला. आधी मागे जाऊन दात शक्य तितके आणले म्हणून नवा आराखडा 16 संचांतच आटोपला.

स्कॅनआधी तीन गोष्टी उरकून घ्या: दात साफ करणं, राहिलेली भरणी आणि दातावरची टोपी (क्राउन). नंतर भरणी केली तर दाताचा आकार बदलतो आणि नवा ट्रे पहिल्याच दिवशी अडतो. शेवटची दाढ ट्रेच्या बाहेर राहिली असेल तर ती खंडात वर आली आहे का, हेही पाहायला सांगा.

दातांना सरकायला जागा व्हावी म्हणून दंतवैद्य दोन दातांच्या मधल्या कडा किंचित घासतात; त्याची नोंद मात्र हातात घ्याच. कोणत्या दोन दातांमध्ये, किती दशांश मिलिमीटर, कधी. खंडात दात सरकून ती फट बुजते आणि नव्याने पाहणाऱ्याला वाटतं, अजून घासलेलं नाही. मग तो परत घासतो, आणि घासून गेलेलं एनॅमल (दाताचं वरचं कठीण आवरण) परत येत नाही. नोंद न मागता मिळत नाही; दोनदा विचारावं लागलं.

सगळ्यात मोठा घोळ स्कॅन आणि नवा संच यांच्यामधल्या चार आठवड्यांत होतो. जुने ट्रे संपले म्हणून लोक मोकळे राहतात, आणि ज्या दातांवरून संच बनला ते दातच जागेवर उरत नाहीत. 14 पूर्ण बसत नव्हता, म्हणून त्या काळात 13 दिवसरात्र घातला. बटणं काढल्यामुळे तो थोडा सैल झाला, पण दात धरून ठेवायला पुरला. फेकलेला असता तर रिटेनरचा, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणाऱ्या ट्रेचा, वेगळा खर्च.

पैशांचं: पॅकेजमध्ये सुधारित संच (नव्या स्कॅनवरून बनवलेले) मोफत असले तरी खंड पडला की ती चूक रुग्णाची धरली जाते. कागदावर मुदत कोणत्या तारखेपासून मोजली आहे ते वाचा, आणि स्कॅनची फाइल स्वतःजवळ ठेवा. घरपोच ट्रे देणाऱ्या अमेरिकेतल्या स्माइल डायरेक्ट क्लबने डिसेंबर 2023 मध्ये काम बंद केलं तेव्हा आयुष्यभराची हमीही तिथेच संपली, निम्म्यावर अडकलेल्यांना दुसरा दंतवैद्य शोधावा लागला.

आत्ता नव्या आराखड्यातला पाचवा संच चालू आहे. तो दात वळतो आहे, नव्या बटणाची कड ओठाला टोचते. जुने 11 ते 14 अजून डबीत आहेत, शेजारी नवे एक ते चार.