गुडघ्याच्या इन्फेक्शनसाठी डॉक्टर एक नंबर, बिलिंग डोक्याला ताप

४ स्टार. एक कापला तो बिलिंगचा.

आईचा गुडघा दुसरीकडे बदलला होता (नाव घेत नाही). काही महिन्यांनी सूज यायला लागली आणि टाक्यांच्या एका जागेतून थोडं थोडं पाणी. तिथे दर वेळी "वरवरचं आहे" म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स, गोळ्या चालू तोवर बरं, संपल्या की परत तेच.

इथे आलो तर डॉक्टरांनी आधी गोळ्याच बंद केल्या. "काकू, ताप नाहीये, तब्येत ठीक आहे, दोन आठवडे थांबू, मग गुडघ्यातलं पाणी काढून कल्चरला पाठवू." (कल्चर म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून कोणता आहे ते बघणं.) आमची टरकली ना, इन्फेक्शन आहे आणि औषध बंद? पण गोळ्या चालू असल्या तर जंतू असूनही कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं म्हणे. कल्चरसुद्धा १४ दिवस ठेवलं, काही जंतू फारच हळू वाढतात म्हणून.

निघाला स्टॅफ एपिडर्मिडिस, जो आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतोच! हे जंतू इम्प्लांटच्या धातूला, प्लास्टिकला चिकटतात आणि स्वतःभोवती थर करतात, पाण्याची टाकी आतून बुळबुळीत होते ना तसा, त्याला बायोफिल्म म्हणतात. आतले बरेचसे झोपल्यासारखे पडून असतात, त्यांना औषध नीट लागूच पडत नाही. सुटे जंतू मरतात, सूज उतरते, थर तिथेच. सुरुवातीच्या ३-४ आठवड्यांत पकडलं तर कधीकधी आत धुऊन, मधला प्लास्टिकचा भाग बदलून भागतं. आईच्या वेळी ती वेळ गेली होती, मग सांधा काढून अँटिबायोटिक घातलेल्या सिमेंटचा स्पेसर (सांध्याच्या जागी तात्पुरता ठोकळा), ६ आठवडे शिरेतून औषध, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची टेस्ट) खाली आल्यावर नवीन सांधा. स्पेसरचा काळ वाईट असतो, वॉकर आणि कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

सिस्टर लोकांना वेगळे मार्क. दंडातल्या पिक लाईनचं (औषधासाठी शिरेत बसवलेली लांब नळी) तोंड प्रत्येक वेळी स्पिरिटने घासून पुसणार, वाळू देणार, मगच सुई, कितीही घाई असो. ती नळीही प्लास्टिकचीच, तिच्यावरही हाच थर धरतो.

बिलिंगवाल्यांना मात्र एकाच गुडघ्याची दोन ऑपरेशनं का हेच कळत नव्हतं, टीपीएची (इन्शुरन्सचे क्लेम बघणारी कंपनी) क्वेरी आली की आम्हालाच पळवायचे, डिस्चार्ज सकाळी सांगून हातात संध्याकाळी. कल्चर रिपोर्टची कॉपी मागून घ्या, आपणहून देत नाहीत. पार्किंग नाही, रिक्षानेच या.