उंदराचं कातडं भरायचं की हाडं जोडायची?

कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसचं संग्रहालय बघून आलेली पोरं दोन जातीची असतात. एक वाघाचा जबडा बघून ओरडतात, दुसरी ओठाच्या कडेला शिवण दिसते का ते शोधत थांबतात. आमच्या गल्लीतला बारावीचा पोरगा दुसऱ्या जातीचा. "काका, मला हे शिकायचंय. वाघ-बिघ नको, मुंगूस, ससा असलं बारकं काहीतरी," म्हणाला. मी कातडं भरायचा उद्योगही केलाय आणि सांगाडा जोडायचाही. दोन्हींत पहिल्यांदा हात कशाला घालावा, हा त्याचा खरा प्रश्न होता.

मुंगूस आणि ससा मात्र लगेच बाद. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणं परिशिष्टातला रानटी प्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारी मालमत्ता असतो. राधानगरीच्या रस्त्यावर गाडीखाली आलेलं उदमांजर डिकीत टाकून घरी आणलंत, तर 'मी मारलं नाही' हे उत्तर चालत नाही. वनविभागाची हेल्पलाइन आहे, नंबर १९२६. तिथं कळवायचं आणि पुढं जायचं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून टॅक्सिडर्मीचं, म्हणजे कातडं भरायचं, केंद्र आहे, वाघ-बिबट्यांवर तिथं काम होतं, पण ते सगळं वनविभागाच्या अखत्यारीत. हौशी माणसाला तो दरवाजा बंद आहे. खार आणि वटवाघळाच्याही वाटेला जाऊ नका.

उरतो घरातला उंदीर. पूर्वी तो कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात 'उपद्रवी' म्हणून होता. २०२२ च्या दुरुस्तीत ते परिशिष्टच गेलं, आणि घरचा उंदीर संरक्षित यादीत आला नाही. मात्र रानात दिसेल तो प्रत्येक उंदीर घरचाच, असं समजू नका. पोराचा चेहरा पडला. पण ज्याला उंदराची शेपटी नीट भरता येते, त्याला काहीही भरता येतं.

उंदीर कसा मेला, हे दोन्ही कामांत महत्त्वाचं. औषधानं मेलेला अजिबात नको: झिंक फॉस्फाइड खाल्लेल्या उंदराच्या पोटात फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो, आणि पोट फाडणारे तुम्ही असता. गोंदाच्या पुठ्ठ्यावरचाही नको. त्यात उंदीर हालहाल होऊन मरतो आणि केसांचाही चिखल होतो. चापात अडकून पटकन मेलेला, पहाटेच उचललेला उंदीर घ्या. दोन पिशव्यांत बांधून तीन-चार दिवस फ्रीजरला ठेवला की पिसवा मरतात. लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूंचा मात्र फ्रीजरवर भरवसा नाही. म्हणून हातमोजे आणि मास्क शेवटपर्यंत, आणि हाताला चीर असेल तर त्या दिवशी सुट्टी.

आता कातडं. 'पेंढा भरणं' हा शब्दच दिशाभूल करतो. पेंढ्यानं पोतं फुगतं, जनावर उभं राहत नाही. छातीच्या हाडापासून खाली फक्त कातडीवर चीर द्यायची. खालचा पातळ पडदा फाटला की आतडी बाहेर आणि केस खराब. मग बोटांनीच कातडी सुटी करत जायचं, ब्लेड कमीत कमी. पाय गुडघ्याशी तोडायचे, पंजे कातडीलाच ठेवायचे. शेपटीचं हाड म्यानातून तलवार उपसावी तसं एका दमात ओढून काढायचं असतं. निघालं तर गंमत, नाही तर शेपटी मधेच फाटते आणि उंदीर जन्मभर बांडा राहतो. कान आणि पापण्यांपाशी तर श्वासही बेतानं घ्यावा लागतो. आतून टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, चोळायचा. गुजरीतले सोनार ज्याला सवागी म्हणतात, तोच हा. काढलेल्या धडाच्या मापानं काथ्या आणि दोरा गुंडाळून नवं धड करायचं, पायात आणि शेपटीत तार घालायची, डोळ्यांच्या जागी काळे मणी, आणि शिवून टाकायचं. मग पंजे लाकडी फळीवर टाचण्यांनी ताणून दोन-तीन आठवडे वाळवायचं.

हे वाचायला अर्ध्या तासाचं वाटतं. माझ्या पहिल्या उंदराला पाच तास लागले, आणि तो वाळल्यावर पोटाचे केस पुंजक्यानं हातात आले. उंदीर रात्रभर चापात होता, महिना एप्रिलचा. सकाळपर्यंत पोट कुजायला लागलेलं, वरून काही दिसत नव्हतं. कातड्याचा खरा दोष हाच. चूक पहिल्या तासात होते आणि कळते तिसऱ्या आठवड्यात.

हाडांचं उलट आहे. हाडं थांबतात. कातडं उतरवून, आतडी काढून, मोठं मांस कापून टाकलं की उरलेलं धड जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधून पाण्याच्या बरणीत सोडायचं. जंतू आपलं काम करतात, तुम्ही अधूनमधून थोडं पाणी बदलायचं. तीन-चार आठवडे धरा, थंडीत जास्त. उकळू मात्र नका. सगळ्यांना तोच मोह होतो, पण उकळल्यानं चरबी हाडात मुरते, हाडं पिवळी आणि ठिसूळ होतात. नंतर भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात तेलकटपणा काढायचा आणि शेवटी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. धुण्याचं ब्लीच वापरलं तर हाड भुसभुशीत होतं.

वास येतो. खोटं कशाला सांगू? बरणीचं झाकण उघडलं की गच्चीवरची वाळवणंसुद्धा खाली न्यावी लागतात. आमच्या घरात या बरणीवरून जेवढं वाजलं तेवढं फ्रीजरवरूनही वाजलं नव्हतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर या एका गोष्टीवर निकाल कातड्याच्या बाजूनं लागू शकतो.

पण शिकायला मिळतं ते हाडांत. उंदराचे पुढचे दात पांढरे नसतात, नारिंगी असतात, कारण वरच्या आवरणात लोह असतं. ते दात जबड्याच्या केवढ्या आत गेलेत हे बघितलं की दोन बारीक दातांवर उंदीर दार कसं कुरतडतो ते कळतं. खांद्याचं हाड बरगड्यांना हाडानं जोडलेलंच नाही, बहुतेक मांसातच लटकलंय, हेही तिथंच दिसतं. आणि हे एकदा हातानं जोडलं की कातडं भरताना खांदा कुठं यायला हवा, हे आपोआप जमतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी हाडं, निदान एक कवटी, मग कातडं.

याला एक अपवाद. हात आधीच मूर्तिकामात बसलेला असेल तर थेट कातडं घ्या. गंगावेशीत, बापट कॅम्पला गणपती घडवणाऱ्या घरांतल्या पोरांना मांडी कुठं फुगते आणि पोटरी कुठं आत जाते हे सांगावं लागत नाही. त्यांचं पहिलं धडसुद्धा माझ्या चौथ्यापेक्षा बरं होईल. कातडं हे शेवटी शिल्पाचंच काम आहे, सुऱ्या-कात्र्यांचं कमी.

खर्चात फार फरक नाही. स्काल्पेलची, म्हणजे डॉक्टरी सुरीची, तीन नंबरची मूठ, अकरा नंबरची पाती, चिमटा, टाकणखार, तार, इतकं दोन्हीकडं पुरतं. फरक पडतो पावसानं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींनाच ओल येते, तिथं ओलं कातडं काय वाळणार? आषाढात केलेल्या एका उंदराच्या कानात मला हिरवी बुरशी मिळाली होती. कातडं दिवाळीनंतरच घ्या. हाडं बरणीत असल्यानं पावसाची पर्वा करत नाहीत, फक्त सुकवताना पंख्याखाली ठेवा. पुढच्या सांभाळातही हाडं सोपी. भरलेला उंदीर डब्यात डांबराच्या गोळ्या घालून ठेवला नाही तर वर्षभरात कातडी खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या त्याला पोखरतात.

दोन्ही नको वाटत असेल तर उंदराला पुठ्ठ्यावर सपाट कापूस भरून ठेवायची संग्रहालयी पद्धतही आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९११ पासून केलेल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीतले नमुने त्याच धर्तीचे. दिसायला कंटाळवाणं, पण पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख, जागा आणि मापं असली की त्याला किंमत येते. चिठ्ठी तशी सगळ्यालाच लावा.

आणि कुणा इनामदाराच्या माडीवर आजोबांच्या काळातलं भरलेलं डोकं असेल, तर सरावासाठी ते साफ करायला घेऊ नका. जुन्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण लावत. त्याची धूळ नाकात जाते.

पोरानं कवटी घेतली. नंतर शेपटीचेही मणके हवेत म्हणून हट्ट धरला, गच्चीवर चाळणीत बसून मोजले, तर तेवीस भरले. उंदराला सत्तावीस ते तीस असतात. उरलेले बारके मोज्याच्या शिवणीत अडकले असणार, म्हणून आता मोजा उसवतोय.